रुंद पडदा आणि घरची खिडकी

घरात नवी वस्तू आणावयाची म्हटली, की तिच्या किमतीचा विचार आधी सुचतो आणि तिच्या जागेचा विचार सर्वांच्या शेवटी. वस्तुतः हा क्रम उलटा असावयास हवा. किंमत एकदा मोजली की संपते. जागा मात्र ती वस्तू रोज अडवीत असते, आणि जागेबरोबर माणसांच्या उठण्याबसण्याची रीतही थोडीफार बदलीत असते. घरात रेडिओ आला तेव्हा माणसे त्याच्या भोवती बसू लागली. दूरचित्रवाणी आली तेव्हा ती एका बाजूला तोंड करून ओळीने बसू लागली. संगणक आला तेव्हा एकच माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला, आणि घरच्या इतरांना त्याची पाठ तेवढी दिसू लागली. २०२५ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी ‘अल्ट्रावाइड मॉनिटर’, म्हणजे नेहमीहून पुष्कळ रुंद असा संगणकाचा पडदा आला. त्याच्या निमित्ताने आमच्या घरात जो विचारविनिमय झाला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. कारण संगणकावर काम करून पोट भरणारी मुलेमुली आता आपल्या खेड्यांतूनही दिसू लागली आहेत, आणि आज ना उद्या हाच प्रश्न त्यांच्याही घरी उभा राहणार आहे.

माझा चरितार्थ अक्षरजुळणीवर चालतो. आमचे गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. बेळगावचे छापखाने हस्तलिखितांची छायाचित्रे पाठवितात. ती पाहून मी मजकूर संगणकावर जुळवितो, मुद्रिते तपासतो आणि परत धाडतो. ह्याखेरीज आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी एक काम विश्वासाने माझ्याकडे सोपविले आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या जीर्ण होत चालल्या आहेत. कित्येक पानांना कसर लागली आहे, शाई फिकी पडली आहे. त्या पानांची छायाचित्रे घेऊन, त्यांतील प्रत्येक नोंद नीट वाचून, तिची शुद्ध प्रत तयार करावयाची, असे हे काम आहे.

दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे. डोळ्यांपुढे एकाच वेळी दोन पाने लागतात : एक ज्यावरून लिहावयाचे ते, आणि दुसरे ज्यावर लिहावयाचे ते. माझा जुना पडदा साडेअठरा इंचांचा होता. त्यावर दोन पाने शेजारी शेजारी ठेवली तर दोन्हींची अक्षरे मुंगीएवढी होत. एकच पान मोठे करावे तर दुसरे झाकले जाई. मग एक पान पाहावयाचे, ते लक्षात धरावयाचे, दुसरे उघडावयाचे आणि लिहावयाचे, असा दिवसभर खेळ चाले. पुस्तकाच्या मजकुरात ह्या ये-जा करण्याने एखादी ओळ गळाली तर मुद्रित तपासताना ती सापडते. नोंदवहीची गोष्ट निराळी आहे. तेथे दृष्टी एक ओळ खाली घसरली तर एका बाळाच्या नावापुढे दुसऱ्याचे आईबाप लिहिले जावयाचे, आणि चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी विवाहाच्या वेळी त्याचा घोटाळा निघावयाचा.

नोंदवही म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांनी तिच्याकडे लक्षपूर्वक कधी पाहिलेले नसते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे फर्माविले, की प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची, तसेच बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहिलेल्या धर्ममातापित्यांची नोंद वहीत ठेवावी. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल ह्यांच्या काळी प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात अशा नोंदींचे नमुने दिले गेले. सध्या लागू असलेल्या, १९८३ सालच्या कॅनन कायद्याच्या संहितेप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचे नाव, विधी करणारा धर्मगुरू, आईवडील, धर्ममातापिते, साक्षीदार असल्यास ते, बाप्तिस्म्याचे स्थळ व तारीख, आणि जन्माची तारीख व स्थळ, इतक्या गोष्टी याव्या लागतात. एवढ्यावरही ती नोंद पुरी होत नाही. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण झाले, विवाह झाला, तिने धर्मगुरूपद स्वीकारले किंवा संन्यस्त जीवनाची अखेरची शपथ घेतली, तर ते सारे त्याच नोंदीपाशी, समासात टिपावयाचे असते. म्हणजे मधल्या ओळीत मनुष्याचा जन्म असतो आणि कडेच्या समासात त्याचे पुढचे आयुष्य. मधली ओळ वाचून समास न वाचणे म्हणजे अर्धाच मनुष्य वाचणे होय.

म्हणूनच ह्या वह्या रुंद असतात. उघडली म्हणजे टेबलाची बरीचशी जागा व्यापते अशी ती वही पाहिली, की रुंद पडद्याची कल्पना काही आजची नव्हे, हे पटते. ज्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहावयाच्या त्यांना रुंद जागा लागते. हे आपल्या चर्चमधील कारकुनी करणाऱ्या जुन्या धर्मगुरूंना चांगले ठाऊक होते. आमच्या वह्यांत आणखी एक अडचण आहे. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. त्यापूर्वी आमचा भाग गोव्याच्या महाधर्मप्रांतात मोडत असे. त्यामुळे जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत व त्या वळणाच्या हस्ताक्षरात आहेत. अशी नोंद वाचताना अक्षर मोठे करून पाहावे लागते, आणि मोठे केले की समास पडद्याच्या बाहेर जातो.

आता ह्या पडद्याविषयी थोडे. संगणकाचे पूर्वीचे पडदे चारास तीन ह्या प्रमाणात असत, म्हणजे जवळजवळ चौकोनी. पुढे सोळास नऊ हे प्रमाण रूढ झाले. आजचे बहुतेक दूरचित्रवाणी संच व साधे मॉनिटर ह्याच मापाचे असतात. अल्ट्रावाइड पडदा सुमारे एकवीसास नऊ ह्या प्रमाणाचा असतो. २०१२ च्या सुमारास २९ इंची असे पडदे बाजारात आले, आणि २०१४ साली ३४ इंचीही मिळू लागले. हे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर २९ आणि २७ ह्यांत काय तो फरक, असे वाटावयाचे. २९ इंची रुंद पडदा सुमारे ६७ सेंटिमीटर रुंद पण अवघा २८ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे उंचीने तो साध्या २३ इंची पडद्याएवढाच. वाढलेले सारे अंग आडवे.

ही रुंदीची हौस मूळची चित्रपटगृहातील आहे, आणि तिचा इतिहास आपल्या वाचकांना रुचेल असा आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचल्यावर लोक चित्रपटगृहाकडे फिरकेनासे झाले. त्यांना परत आणण्यासाठी ‘सिनेमास्कोप’ नावाचा रुंद पडदा काढण्यात आला, आणि त्या पद्धतीचा पहिला चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला, तो ‘द रोब’. प्रभू येशूला क्रुसावर देणाऱ्या एका रोमन अधिकाऱ्याची, आणि प्रभूच्या अंगरख्याची ती कथा होती. ज्या भिंगामुळे रुंद दृश्य अरुंद फितीवर दाबून बसविता येई व पडद्यावर पुन्हा पसरता येई, ते भिंग आंरी क्रेतियाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. फ्रेंच भाषेत ‘क्रेतियाँ’ ह्या आडनावाचा अर्थच ‘ख्रिस्ती’ असा आहे. हा योगायोग गमतीचा आहे खरा. परंतु लक्षात ठेवावयाची गोष्ट वेगळीच. चित्रपटगृहातील रुंद पडदा शेकडो माणसांनी एकत्र बसून पाहण्यासाठी काढला होता. तोच पडदा आता टेबलावर येऊन एका माणसासमोर उभा राहिला आहे. आमच्या घरात जी चर्चा झाली तिचे मूळ ह्या फरकात होते.

पैशाची गोष्ट आधी सांगतो. बाजूला काढून ठेवलेले ३०,००० रुपये घरात होते. स्वयंपाकघरावरच्या रिपा कुजल्या होत्या, कौले फुटली होती. पावसाळ्यापूर्वी ते काम करणे भागच होते आणि सुताराने १२,००० रुपये सांगितले होते. आमच्या बाजूचा पाऊस वाचकांस माहीत आहे. पडद्याची गोष्ट निघाली तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, पडदा मोठा आला म्हणून पाऊस काही थांबायचा नाही.” मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने आपल्या मोबाइलवर निरनिराळे पडदे पाहून ठेवले होते. ती म्हणाली, “पप्पा, चौतीस इंची घ्या. एकदाच घ्यायचा तर चांगलाच घ्या.” दोघींच्याही बोलण्यात तथ्य होते. संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर आम्ही सर्व जण कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

३४ इंची पडद्यात दोन जाती आढळल्या. एकीत आडवे ३४४० व उभे १४४० ठिपके असतात. ही जात उत्तम, पण तिची किंमत आमच्या साऱ्या शिलकीपलीकडे जात होती. दुसरी जात स्वस्त. परंतु तिच्यात २५६० गुणिले १०८० एवढेच ठिपके असतात. नेमके तेवढेच ठिपके २९ इंची पडद्यातही असतात. म्हणजे स्वस्त ३४ इंची पडदा हा पाहुणे वाढले म्हणून पाणी घालून वाढविलेल्या आमटीसारखा झाला : पातेले भरलेले, पण चव पातळ. इंग्रजी अक्षराचे त्यात एक वेळ निभावते. आपल्या देवनागरीला अनुस्वार आहे, रफार आहे, पोटफोड्या ‘ष’ आहे. ठिपके विरळ झाले की ‘प’ आणि ‘ष’ ह्यांतला भेद शोधण्यात डोळे शिणतात. अक्षरजुळणी करणाऱ्याला हे परवडत नाही. शिवाय त्या वेळी ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवर २८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून लहानांवर १८ टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांवरही १८ टक्केच झाला आहे.)

दोन साधे पडदे शेजारी मांडावेत, असाही एक विचार पुढे आला. त्यात गैर काहीच नाही. दोन्हींची किंमत मिळून थोडी कमीच पडते, आणि एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालते. ज्याची कामे मुळातच दोन आहेत, म्हणजे एका पडद्यावर हिशेब आणि दुसऱ्यावर पत्रव्यवहार, त्याला तेच सोयीचे. माझ्या कामात मात्र एकच नोंद अखंड पसरून पाहावयाची असते. तेथे मधोमध दोन चौकटींची जोड आली तर ती नेमकी नाकासमोर येते आणि मान सदा डावी-उजवी वळत राहते.

राहिला वाकडेपणाचा प्रश्न. रुंद पडद्यांत पुष्कळसे वक्र असतात. ‘१५००आर’, ‘१८००आर’ असे आकडे त्यांवर लिहिलेले असतात; ते त्या वर्तुळाच्या त्रिज्येचे मिलिमीटर होत. म्हणजे १८००आर पडदा हा १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. समोर मधोमध बसणाऱ्याला त्याच्या दोन्ही कडा जवळ आल्यासारख्या वाटतात, हा त्याचा गुण. परंतु हा गुण एकाच खुर्चीपुरता आहे. बाजूला उभा असलेला मनुष्य पाहू लागला तर एक कड त्याच्याकडे पाठ फिरविते. मुलगी हे सारे समजावून सांगत असता पत्नीने सहज विचारले, “मग आम्ही बघायचं कुठून?” ह्या एका प्रश्नाने वक्र पडद्याचा निकाल लागला. सपाट, आणि बाजूने पाहिले तरी रंग व अक्षरे फारशी फिकी न पडणारा ‘आयपीएस’ जातीचा २९ इंची पडदा घ्यावा, असे ठरले. त्याला १७,५०० रुपये पडले. कौलांचे पैसे वेगळे निघाले, आणि वर पाचशे रुपये उरले.

पैसे देण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट केली, ती सर्वांना करण्यासारखी आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा पडद्याच्या मापाने कापला आणि आठ दिवस तो टेबलावर, पाठीमागे विटा लावून, उभा ठेवला. टेबल त्या वेळी खिडकीसमोर होते. समोरच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आहे, तेथे आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकतो. ती भिंत सोडून टेबलाला तेवढीच जागा राहिली होती. पुठ्ठा ठेवताच खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकला गेला.

ह्या खिडकीबाहेर अंगण आहे, आणि अंगणाच्या कडेला, ओसरीवर, माझी आई बसते. तिचे वय ऐंशीच्या घरात. गुडघ्यांमुळे तिला उठबस कठीण जाते, आवाजही बारीक झाला आहे. दिवसभर ती तेथे भाजी निवडीत, मणी ओढीत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत असते. आणि पाणी हवे असले, उन्हातून आत यावयाचे असले, की खिडकीतून माझ्याकडे पाहते. मी मान वर केली की हात हलविते. आमच्यात ह्याला कधी शब्द लागले नाहीत. पुठ्ठा उभा राहिला त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “अरे बाळ, ही पाटी इथंच राहणार काय? मग तू घरात आहेस की बाहेर गेलास, मला कळायचं कसं?”

साडेसतरा हजारांच्या वस्तूविषयी घरात जेवढे काही बोलले गेले, त्यात हा प्रश्न सर्वांत मोलाचा होता. शहरात नोकरीला गेलेल्या मुलाची आई त्याच्या पत्राची वाट पाहते, हे आपण समजू शकतो. पण मुलगा घरातच बसून काम करतो म्हणून गाव सोडून गेला नाही, ह्याचे समाधान मानावे आणि चार हातांवर बसलेल्या आईला तो दिसूच नये, हे कसले घरी राहणे? घरबसल्या मिळणाऱ्या कामाचा आपल्या खेड्यांना खरा लाभ हाच आहे, की कमावता मनुष्य घरच्यांच्या नजरेसमोर राहतो. तोच लाभ जर पडद्याने झाकला, तर बेळगावात खोली घेऊन राहणे काय वाईट?

आम्ही टेबल फिरविले. आता खिडकी माझ्या डाव्या हाताला येते आणि पडदा आतल्या भिंतीला टेकलेला असतो. कपाट दीड हात सरकवावे लागले, एवढेच. पुढे समजले की डोळ्यांच्या दृष्टीनेही हीच मांडणी योग्य समजली जाते. खिडकी पडद्याच्या मागे असली तर उजेड डोळ्यांत येतो. पाठीमागे असली तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. ती बाजूला, काटकोनात असावी. तसेच पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी, आणि अंतर हातभर असावे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे, असा एक नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. आमच्या खिडकीतून ओसरीची कड साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. त्यामुळे डोळ्यांना विसावा देणे आणि आईकडे पाहणे ही दोन कामे एकाच दृष्टिक्षेपात होतात.

आता वर्षभराचा अनुभव सांगावयाचा तर, कामाची सोय झाली ह्यात शंका नाही. डाव्या बाजूला जुन्या पानाचे छायाचित्र, समासासकट. उजव्या बाजूला माझी प्रत. आणि मध्ये उरलेल्या पट्टीत पोर्तुगीज शब्दांची टिपणे. डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरळ आडवे जातात, मध्ये काही झाकले जात नाही. घोकून लक्षात धरण्याचा शीण गेला. विजेचा खर्च म्हणाल तर ३० वॅटच्या आसपास. वीज गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर तास-दीड तास काम रेटता येते. ज्यांना असा पडदा घ्यावयाचा असेल त्यांनी आपला जुना संगणक एवढे रुंद चित्र देऊ शकतो की नाही, हे दुकानातच जोडून पाहावे. काही जुने संगणक ते देऊ शकत नाहीत.

परंतु ह्या वस्तूचा स्वभावही ओळखून असावे. पडदा रुंद झाला म्हणून दृष्टी रुंद होत नाही. हातभर अंतरावर हा पडदा जवळजवळ साठ अंशांची जागा व्यापतो. आणि परमेश्वराने मनुष्याच्या डोळ्याची रचना अशी केली आहे, की बारीक अक्षर स्पष्ट दिसण्याची शक्ती दृष्टीच्या मध्यभागी, अवघ्या दोन-चार अंशांत असते. बाकीचे नुसते जाणवते. म्हणूनच ६७ सेंटिमीटर लांबीची ओळ कोणालाही वाचवत नाही. एका टोकास पोहोचून परत येताना ओळ चुकते. वर्तमानपत्रे रकाने पाडतात ती ह्याच कारणाने. पडद्यावरही रकाने पाडूनच लिहावे-वाचावे. उरलेली जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी. ती भरण्याचा मोह फार होतो. कोपऱ्यात बातम्या, कडेला मित्रांचे निरोप, खाली क्रिकेटचे धावफलक. आणि मग जी जागा दोन पाने एकत्र पाहण्यासाठी घेतली तिच्यावर दहा गोष्टी एकत्र गोंगाट करू लागतात. आमच्याकडे नियम असा आहे, की चाललेल्या कामाची पानेच पडद्यावर असावीत. निरोप मोबाइलवर येतात, आणि मोबाइल स्वयंपाकघराच्या फळीवर असतो.

करमणुकीच्या बाबतीतही हा पडदा मोठा अजब आहे. रुंद मापाचे चित्रपट त्यावर काठोकाठ भरून दिसतात. पण नेहमीचे कार्यक्रम लावले तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. मिस्सेचे थेट प्रक्षेपण तसेच दिसते. २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती तेव्हा आम्ही मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर मिस्सा पाहिली होती, आणि तेवढ्यानेही जिवाला आधार वाटला होता. पडद्याचे माप आणि त्यातून होणारा लाभ ह्यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

ह्या वर्षीच्या उपवासकाळात नोंदवहीचे काम करता करता १९४५ च्या आसपासची पाने आली. फादरांना विचारून, आईची नोंद तिला दाखविण्याची परवानगी मी घेतली. रविवारी मिस्सेनंतर तिला धरून आत आणले आणि टेबलापासून थोड्या अंतरावर, तिच्या सोयीच्या उंच खुर्चीवर बसविले. पत्नी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला. चौघांनाही पडदा सारखाच दिसत होता. सपाट पडदा घेतल्याचे तेव्हा सार्थक झाले. मुलीने पान मोठे केले, तरी समास पडद्यातच राहिला.

आईला पोर्तुगीज येत नाही. पण आपले नाव तिने ओळखले. मग आजोबांचे, आजीचे. मी एकेक शब्द अर्थ सांगून वाचीत गेलो. धर्ममातेचे नाव आले तेव्हा तिने मला थांबविले. ती तिची मावशी. आई लहान असतानाच ती वारली. तिच्याविषयी ऐकले पुष्कळ, पण तिचे नाव लिहिलेले आईने आयुष्यात प्रथमच पाहिले. “पुन्हा वाच,” ती म्हणाली. मी पुन्हा वाचले. समासात तिच्या विवाहाची टीप होती : तारीख, चर्च आणि माझ्या वडिलांचे नाव. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. ती टीप आईने बराच वेळ पाहिली. मग जन्मतारखेकडे बोट करून तिने साल विचारले. सरकारी कागदांवर अंदाजाने लिहिलेल्या सालापेक्षा ते एक वर्षाने पुढचे निघाले. “म्हणजे मी तुम्ही समजता त्याहून लहानच आहे,” असे ती म्हणाली आणि सर्वांबरोबर हसली.

असिसीच्या संत क्लारेविषयी असे सांगतात, की आजाराने खिळलेली असता एका नाताळच्या रात्री तिला चर्चमध्ये जाता येईना. तेव्हा चर्चमधील उपासना तिला आपल्या खोलीत पडल्यापडल्या दिसली व ऐकू आली. ह्याच कथेवरून पोप बारावे पायस ह्यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. संतांचा आश्रय लाभावा अशी ही नवी साधने आहेत, आणि त्यांना भिण्याचे कारण नाही. क्लारेच्या खोलीत जे दूर होते ते जवळ आले. पण त्यासाठी जवळचे कोणी दूर लोटले गेले नाही. आपल्या घरात येणाऱ्या प्रत्येक पडद्याची परीक्षा आपण ह्याच रीतीने घ्यावी, असे मला वाटते. ज्या गोष्टी एकत्र पाहावयास हव्यात त्या तो एकत्र दाखवितो काय? आणि त्या दाखविताना घरातील कोणाला झाकतो काय?

ज्यांच्या कामाला खरोखर दोन पाने शेजारी लागतात, त्यांनी रुंद पडदा अवश्य घ्यावा. ज्यांना लागत नाहीत, त्यांचे साध्या पडद्यावर उत्तम भागते. घेणाऱ्यांनी मात्र दुकानात जाण्यापूर्वी पुठ्ठा कापून आठ दिवस टेबलावर उभा ठेवावा. मग घरातील सर्वांत वडील माणूस जेथे रोज बसतो तेथे जाऊन त्याला विचारावे, की येथून आमचा चेहरा दिसतो ना? तो ‘दिसतो’ म्हणाला, की मग किमतीची गोष्ट करावी.